किंमत कळली, चित्र पाहिलं का?

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. चर्चा झाली ती ११८ वर शून्यं किती, याचीच. माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली, त्यामुळे आकड्यांचं मला वावडं नाही. पण मूल्यांकनाचा कागद म्हणजे मालमत्ता नव्हे, ती जागेवर जाऊन पाहावी लागते, हे बँकेतला नवखा कारकूनही जाणतो. १९५४ सालच्या या चित्रात आहे काय? खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे. दळणकांडण, लेकरं, बैलगाडी. यात न समजण्यासारखं काय आहे?

तरीही ‘मॉडर्न आर्ट’ म्हटलं की आपण बिचकतो. म्हणून थोडा इतिहास. १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरणारे हुसेन, मध्य प्रांतातले सय्यद हैदर रझा, मोटारी पुसण्याचं काम केलेले आरा, अमरावतीकडचे हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. इंग्रजांनी शिकवलेलं हुबेहूब चित्रण त्यांना नको होतं आणि बंगाली शैलीचं हळवं स्मरणरंजनही नको होतं. सेझानपासूनच्या युरोपीय चित्रकारांकडून त्यांनी शिकून घेतलं, पण आपली मुळं सोडली नाहीत. १९४८ साली दिल्लीतल्या एका प्रदर्शनात हुसेननी मथुरेची शिल्पं आणि बसोलीची लघुचित्रं पाहिली. त्यांची रेषा आणि तो तापलेला रंग पुढे त्यांच्या चित्रांत मुरला.

या मंडळींना सुरुवातीला आधार दिला कोणी? लँगहॅमर, श्लेसिंजर, रूडी फॉन लेडन यांनी. हिटलरमुळे युरोप सोडून मुंबईत आलेली ही माणसं. नाटकाला आणि गाण्याच्या मैफलीला गर्दी करणारा आमचा मध्यमवर्ग मात्र चित्रांच्या वाटेला फारसा गेला नाही. सूझा १९४९मध्ये लंडनला गेले, रझा १९५०मध्ये पॅरिसला, पाठोपाठ बाकरेही लंडनला. १९५६पर्यंत ग्रुप विखुरला होता. बाकरे १९७५च्या सुमारास परतले आणि कोकणात मुरुड-हर्णैला राहिले. २००७ साली ते गेले. सुट्टीत त्याच किनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना त्यांचं नाव ठाऊक होतं?

हे दुखणं जुनं असलं तरी पुढच्या पिढीला ते वारशाने द्यायचं कारण नाही. मुलाचा चित्रकलेचा तास गणिताला दिला, तर आपण तक्रार करत नाही. मग मोठेपणी त्याला चित्रातली फक्त किंमत वाचता येते.

उपाय खर्चाचा नाही. काळ्या घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून उभी आहे आणि तिथे तिकीट लागत नाही. मुलांना घेऊन जा. ‘हे कशाचं चित्र आहे?’ असं लगेच विचारू नका. तबल्याचा ठेका कशाचा आहे, असं आपण कुठे विचारतो? एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. डोळा आधी कुठे जातो, मग कुठे वळतो, कोणता रंग अडवतो, एवढंच पाहा. आवडलं नाही तर तसं खुशाल म्हणा. मात्र ते पाहून झाल्यावर म्हणा.