जुन्या जीपच्या गियरबॉक्सचा आवाज : उघडण्यापूर्वी ऐकावे

सामुदायिक विकास योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९५२ रोजी झाला, आणि पुढील काही वर्षांत ज्या गावी एस.टी. जात नव्हती त्या गावीही विकास गटाची जीप जाऊ लागली. बियाणे, लशी, अधिकारी, आजारी माणूस, प्रसंगी बिघडलेला पंप, असे काय काय तिने वाहून नेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. या सरकारी गाड्या कालांतराने लिलावात निघाल्या व त्यांतील पुष्कळशा शेतकऱ्यांनी घेतल्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्यामुळे असे जुने धूड आज सरकारी कामावर धावताना सहसा दिसत नाही. डोंगरकपारीच्या गावी मात्र भाजीचे क्रेट, खताची पोती व शाळेची मुले घेऊन चाललेली जुनी जीप अजून भेटते, आणि ती येत असल्याची वर्दी तिच्या गियरबॉक्सच्या आवाजाने दोन शेते आधीच मिळते.

या आवाजासंबंधी माझे एक स्पष्ट मत आहे व ते थोडे कडवटपणे बनलेले आहे. गियरबॉक्स बिघडल्याने शेतकऱ्याचे जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान तो घाईने उघडल्याने होते.

माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने लिलावातील जीप घेतली होती. इंजिन चालू केले की मधल्या भागातून घरघर ऐकू येई. तालुक्याच्या गावातील एका कारखान्यात त्याला सांगण्यात आले की, गियरबॉक्स संपला, दुसरा बसवावा लागेल. त्याने विश्वासाने होकार दिला. त्या हंगामाच्या कांद्याचे बहुतेक पैसे त्यात गेले. गाडी घरी आली ती तीच घरघर घेऊन. गाडी पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला तेव्हा मी प्रथम क्लचचे पेडल हाताने दाबून पाहिले. पेडलला मोकळी हालचाल मुळीच नव्हती. त्यामुळे क्लचचे रिलीज बेअरिंग सतत टेकलेले राहून झिजले होते व तेच ओरडत होते. पेडल दाबले की आवाज वाढे, आणि दांडी सैल करून पेडलला सुमारे एक इंच मोकळीक देताच, पाय काढल्यावर तो थांबे. अखेर एका लहानशा बेअरिंगसाठी गियरबॉक्स दुसऱ्यांदा खाली उतरवावा लागला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. मिस्त्री लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याने ऐकले नाही, एवढेच.

ऐकावे कसे, हे सांगण्यापूर्वी या यंत्राची रचना दोन शब्दांत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे महिंद्रने परवान्याखाली तयार केलेली विलिस सीजे-३बी या जातीची जीप सर्वांत परिचित. तिचा मूळ गियरबॉक्स तीन गतींचा आहे. पहिला व उलटा गियर सरळ दात्यांचे, सरकून अडकणारे. दुसऱ्या व तिसऱ्यास पितळी कड्यांची समगती योजना. गियरबॉक्सच्या मागे लगटून ट्रान्सफर केस बसविलेला असतो व तो चारही चाकांना शक्ती वाटून देतो. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या मध्यावरून जात नाही, तो एका बाजूस आहे. म्हणून साध्या दोन चाकांच्या चालीतही सर्व शक्ती ट्रान्सफर केसमधील मधल्या गियरमधून जाते. हा मधला गियर एका आडव्या दांड्यावर, बारीक सुयांसारख्या रोलरांवर फिरतो. पुष्कळदा ज्या आवाजाला आपण गियरबॉक्सचा म्हणतो, तो या दांड्याच्या झिजेचा असतो. पुढे अनेक जीपमध्ये इंजिने व गियरबॉक्सही बदलले गेले. आपल्या गाडीत कोणता आहे ते आधी पाहून घ्यावे. परंतु ऐकण्याची रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच लागू पडते.

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत आणि इंजिन हळू चालू ठेवावे. गियर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला. या स्थितीत गियरबॉक्सचा पुढील शाफ्ट व खालील काउंटर शाफ्टवरील चक्रे फिरत असतात. आवाज येत असेल तर क्लच पूर्ण दाबून चारपाच क्षण थांबावे. आवाज विरून गेला, तर दोष पुढील बेअरिंगमध्ये अथवा काउंटर शाफ्टच्या रोलरांत शोधावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर प्रथम रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा आणि गियरबॉक्सला हात लावू नये. एवढी परीक्षा पाच मिनिटांची आहे व तिला एक पैसाही लागत नाही. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे कांद्याचे पैसे या पाच मिनिटांत वाचले असते.

आता गाडी रस्त्यावर घ्यावी. तिसऱ्या गियरमध्ये शक्ती सरळ आरपार जाते. काउंटर शाफ्टवरील चक्रे फिरतात, पण त्यांवर भार नसतो. म्हणून पहिल्या व दुसऱ्यात ओरडणारा गियरबॉक्स तिसऱ्यात शांत होत असेल, तर रोग काउंटर शाफ्टच्या गटात आहे. केवळ दुसऱ्यातच आवाज असेल, तर त्या एका जोडीचे दाते पाहावे लागतील. तिन्ही गतींत आवाज आहे, पण उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये नाही, असे आढळल्यास गियरबॉक्सचे मागील बेअरिंग किंवा ट्रान्सफर केस यांकडे वळावे. या दोहोंत निवाडा करणे कठीण असते. एक उपाय असा : गाडी उभी करून ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये आणावा आणि मुख्य गियर एकेक करून टाकून पाहावा. चाके फिरत नाहीत, तरी गियरबॉक्सचा मागील शाफ्ट व ट्रान्सफर केसचा मधला गियर फिरतो. भार नसल्यामुळे या परीक्षेने अंतिम निर्णय होत नाही, तरी दिशा कळते. लांब पान्याचे एक टोक त्या त्या पेटीवर टेकवून दुसरे टोक कानाजवळ धरले, तर दोहोंतील फरक अधिक स्पष्ट होतो. फिरत्या शाफ्टपासून धोतर, उपरणे, पदर दूर ठेवावे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

अखेरची परीक्षा सपाट व मोकळ्या रस्त्यावर करावी. थोडा वेग घेऊन गियर न्यूट्रलमध्ये टाकावा व गाडी वाहू द्यावी. आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच चालू राहिला, तर तो मागील डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगे, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ट्रान्सफर केस किंवा नुसते टायर यांचा असू शकेल. खोल नक्षीचे शेतीचे टायर डांबरी रस्त्यावर असे गातात की चांगला जाणकारही फसावा. ही परीक्षा उतारावर किंवा घाटात कधीही करू नये.

सर्वच आवाज रोगाचे नसतात, हेही मनात ठेवले पाहिजे. पहिला व उलटा गियर सरळ दात्यांचे असल्यामुळे ते नव्या गाडीतही रडत असत. जी जीप चाळीस वर्षे पहिल्या गियरमध्ये रडली, ती आणखी दहा वर्षे रडली तरी बिघडत नाही. बदल झाला का, हे पाहावे. परवापर्यंत नव्हता आणि आज आहे, असा आवाज लक्ष देण्याजोगा.

यानंतरची पायरी वंगणाची. माझ्या मते निम्मे उत्तर येथेच मिळते. गाडी थोडी फिरवून, वंगण कोमट असताना, दोन्ही पेट्यांचे खालचे बोल्ट काढून ते स्वच्छ व वेगवेगळ्या भांड्यांत घ्यावे. मूळच्या तीन गतींच्या गियरबॉक्समध्ये जवळजवळ पाऊण लिटर व ट्रान्सफर केसमध्ये सुमारे दीड लिटर वंगण मावते. फार कमी निघाले, तर आवाजाचे कारण कळलेच. मात्र ते गेले कुठे हे शोधावे. दोन पेट्यांमधील सील झिजले की एकीतील वंगण दुसरीत जाते, बाहेर थेंबही पडत नाही, आणि मालक निश्चिंत राहतो. दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढणारांनी ही तपासणी दर पावसाळ्याच्या अखेरीस केलीच पाहिजे. भांड्याच्या तळाशी राहिलेला गाळ फडक्यावर घेऊन त्यावरून लोहचुंबक फिरवावा. करड्या रंगाचा मऊ लेप वयाचा असतो, त्याने घाबरू नये. चुंबकाला चिकटणारे पोलादाचे पापुद्रे अथवा कण निघाले, तर बेअरिंग किंवा दाते तुटत आहेत. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक बहुधा समगतीच्या कड्यांची किंवा बुश-वायसरांची असते.

भरावयाचे वंगण ९० क्रमांकाचे, आणि एपीआय जीएल-४ दर्जाचे मागावे. जीएल-५ हे अधिक महाग व अधिक भारी म्हणून दुकानदार पुढे करतो. ते डिफरन्शियलसाठी योग्य आहे, परंतु त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पुष्कळदा पितळी कड्यांना बाधतात. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट असताना, भरावे. आवाज दाबण्यासाठी घट्ट ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घालण्याची एक जुनी विद्या जुनी गाडी विकणारांना अवगत असते. अशाने आवाज आठवडाभर झाकतो, आणि मग बारीक रोलरांपर्यंत वंगण न पोचल्यामुळे उरलेसुरले बेअरिंगही जाते. जुनी जीप विकत घेणाराने सौदा ठरण्यापूर्वी गियरबॉक्सच्या भोकात बोट घालून वास व स्पर्श घ्यावा. बैल घेताना आपण दात पाहतोच.

एवढे करूनही आवाज भाराखाली तसाच राहिला, तर पेटी उतरवावी. या जीपमध्ये गियरबॉक्स व ट्रान्सफर केस जोडीने खाली येतात. मधला आडवा आधार काढण्यापूर्वी इंजिनाच्या मागील बाजूस भक्कम टेकू द्यावा. उतरवलेच आहे तर रिलीज बेअरिंग नवे घालावे, कारण त्यासाठी पुन्हा हेच श्रम पडतात. बारीक रोलर काढताना मोजून कागदावर संख्या लिहून ठेवावी. एक रोलर राहिला तर नवीन सामानही फुकट जाते. बसविताना ते ग्रीसने जागी धरावेत. बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो दाखवून बाजारात दुसरे मिळते. ट्रान्सफर केसच्या मधल्या दांड्यावरून नख फिरवावे. नख अडकेल अशी खाच असेल तर दांडा, रोलर व वायसर एकदम बदलावे. गियर बदलावयाचा तर एकमेकांत अडकणारी जोडी बदलावी. जुन्या चक्राशी नवे चक्र लावले, की दोघांचे जमत नाही व आवाज पूर्वीपेक्षा मोठा होतो. संपूर्ण गियरबॉक्स बदलण्यास माझा विरोध सरसकट नाही. पेटीला तडा गेला असेल, किंवा बेअरिंगची बैठकच ढिली झाली असेल, तर तोच मार्ग स्वस्त पडतो. पण तो निर्णय पेटी उघडून, मालकाला दाखवून व्हावा.

चार चाकांची चाल डांबरी रस्त्यावर चालू ठेवण्याची खोड अनेक चालकांना असते. या गाडीत पुढील व मागील चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची सवलत ट्रान्सफर केसमध्ये नाही. कठीण रस्त्यावर, विशेषतः पुढे नवे व मागे गुळगुळीत टायर असता, आतील गियरांवर पीळ बसतो, लिव्हर अडकून बसतो, आणि दात्यांची झीज झपाट्याने होते. चिखल, वाळू व चढण यांपुरतीच ती चाल ठेवावी.

आवाजाला वेळ देता येतो. आपोआप सुटणाऱ्या गियरला देता येत नाही. उतारावर दुसरा गियर आपणहून सुटला, तर मागे बसलेल्या माणसांचे ओझे केवळ ब्रेकवर येते. शिवाय या जीपचा हातब्रेक ट्रान्सफर केसच्या मागील टोकावर असतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला की तोही चाकांना धरीत नाही. असा गियर सुटू लागल्याच्या दिवसापासून गाडीत माणसे बसवू नयेत. याचे कारण कधी झिजलेले दाते असतात, कधी ढिले झालेले जोडबोल्ट, आणि कधी गियर टाकणाऱ्या सळईला जागेवर धरणारी गोळी व तिची थकलेली स्प्रिंग. ती स्प्रिंग आधी पाहावी. गियरांच्या तुलनेने तिची किंमत काहीच नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, ट्रॅक्टर व पंप यांच्याप्रमाणे गावातील जुन्या वाहनांची ही तपासणीही त्यांनी एकदा चारचौघांसमक्ष करून दाखवावी. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षक व मुले बोलावल्यास उत्तम. दुरुस्त झालेल्या पेटीतील पहिले वंगण सुमारे ५०० किलोमीटरनंतर काढून पुन्हा फडक्यावर गाळावे, आणि त्यात काय निघाले ते तारखेसह गाडीच्या वहीत लिहावे.