आधी घरातला कागद वाचू



परवा रात्री शेजारच्या पाड्यात वनहक्काचा वर्ग आहे. तो मी घ्यायचा असं बैठकीत ठरलं. कारण एकच, मी बारावी पास आहे. मोर्चात घोषणा दिल्यात, तहसील कचेरीसमोर रात्र काढलीय. पण तीसचाळीस माणसांसमोर उभं राहून शिकवायचं काम आजवर केलेलं नाही. तयारी करताना जे कळलं ते इथं लिहिते, कारण आता प्रत्येक पाड्यात असा वर्ग लागणार आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळ पोरापोरींवर ही पाळी येणार आहे.

पहिल्या तीन रात्री मी कायद्याचं पुस्तक घेऊन बसले. २००६ चा कायदा, २००८ चे नियम. सगळं वहीत उतरवलं. अधिभोग, उपजीविका, वननिवासी, असे शब्द. अकरा पानं भरली. मग आजीला समोर बसवून वाचायला लागले. आजी वरई पाखडता पाखडता ऐकत होती. दुसरं पान संपलं तशी म्हणाली, "बाय, हे सगळं बरं हाय. पण ह्याच्यात आपला प्लॉट कुठं हाय?"

मला उत्तर देता येईना. आधी राग आला. मग आठवलं की आश्रमशाळेत आम्हाला असंच शिकवलं. मास्तर फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. "समजलं का?" विचारलं की सगळे मिळून "हो सर" म्हणायचो. समजलेलं काही नसायचं. आपल्या बोलीत विचारावं तर हसतील ही भीती. आणि आता मी तेच करायला निघाले होते, तेही आपल्याच माणसांबरोबर.

आजी उठली. छपराच्या वाशाला अडकवलेली पिशवी काढली. त्यात रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड आणि आजोबांच्या दंडाची एक पावती, १९८९ सालची. ती पावती मी लहानपणापासून बघतेय, पण कधी वाचली नव्हती. बारावी शिकले आणि घरातला कागद वाचला नाही!

त्या रात्री वाचला. आजोबांचं नाव बरोबर, पण त्यांच्या बापाचं नाव भलतंच. दंडाची रक्कम पंचवीस रुपये. आजी म्हणाली, "पंचवीस? आम्ही तं शंभर दिले. कोंबडा वेगळा." आणि दंड कशाचा, तर जंगल जमिनीत नांगरट केली म्हणून. ज्या कागदाला आजी एवढी वर्षं भीत होती, तोच कागद सांगतोय की १९८९ साली ही जमीन आम्ही कसत होतो. कायद्याने धरलेली तारीख आहे १३ डिसेंबर २००५. म्हणजे त्याच्या सोळा वर्षं आधीपासून. आपल्याला गुन्हेगार ठरवायला फाडलेली पावती आज आपला पुरावा आहे.

मग वही बाजूला ठेवली आणि काल त्या पाड्यावर जाऊन आले. पाच घरं फिरले. म्हटलं, परवा काय शिकवायचं ते आज तुमच्याकडून शिकते. एका घरात तीन पावत्या निघाल्या, पण तिन्ही मेलेल्या बापाच्या नावावर, आणि भाऊ चार. एका घरातली पावती वाळवीने अर्धी खाल्लेली, तारीख तेवढी शाबूत. एकाकडची पावती शेतीची नव्हतीच, लाकूड तोडल्याची होती, आणि तो समजत होता की ती प्लॉटची आहे. एका विधवा बाईकडे कागदच नाही. ती म्हणाली, "मला काय मिळणार? मला तं पावती पण कोणी दिली नाय." पण तिच्या प्लॉटवर नवऱ्याने घातलेला दगडी बांध आहे, विहीर आहे. नियमात बांध, विहीर, झोपडी, मसणवट हे सगळं पुरावा म्हणून धरलंय. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. एकाहून जास्त पुरावे लागतात. तिच्याकडे दोन आहेत, तिला माहीत नव्हतं एवढंच.

म्हणून मी वर्ग असा ठरवलाय. पुस्तक पिशवीत राहील. प्रत्येकाने घरातला कागद घेऊन यायचं. कागद हातात घेऊन चार गोष्टी विचारायच्या. नाव कोणाचं? जागा कुठली? तारीख कोणती? आणि कागद कशासाठी दिला? ज्याला वाचता येत नाही त्यालाही निदान आपलं नाव आणि आकडे ओळखता आले पाहिजेत. कागद नसेल तर प्लॉटवर काय उभं आहे ते सांगायचं.

त्यानंतर तीन गोष्टी. एक, मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. झेरॉक्स द्यायची आणि वनहक्क समितीकडून दाव्याची पोच घ्यायची. पोच देणं समितीचं काम आहे. दोन, कायद्यात ४ हेक्टर लिहिलंय म्हणून सगळ्यांना ४ हेक्टर मिळणार असं नाही. जेवढी कसतो तेवढीच मिळणार, जास्तीत जास्त ४ हेक्टर. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. हे आधीच सांगितलं नाही तर उद्या लोक म्हणतील, संघटनेने फसवलं. तीन, जमिनीचा हक्क नवरा आणि बायको दोघांच्या नावावर व्हायचा आहे. म्हणून बायांनी मागे भिंतीला टेकून बसायचं नाही, पुढं बसायचं.

आमच्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, वर्ग कशाला? ग्रामसभेने दावे मागवल्यापासून तीन महिन्यांची मुदत. दिवाळी झाली की खर्ची घेतलेली माणसं वीटभट्टीवर निघून जाणार, निम्मा पाडा रिकामा. शिकवत बसू तर फॉर्म राहतील. आपणच चार शिकलेल्यांनी रात्री जागून सगळ्यांचे फॉर्म भरून टाकू.

त्यांचं खोटं नाही. मुदत कमी आहे, फॉर्म भरायचेच आहेत, आणि मीही भरणार आहे. पण फॉर्म भरला की काम संपत नाही. जागेची पाहणी होईल तेव्हा साहेब प्रश्न मला विचारणार नाही, प्लॉटवाल्याला विचारणार. फॉर्मात काय लिहिलंय हे त्यालाच माहीत नसेल तर तो भलतंच सांगेल. आणि दावा नामंजूर झाला तर? वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. ते पत्र प्लॉटवाल्याच्या घरी येणार. त्याने ते न वाचता वाशाला अडकवलं तर ६० दिवस तिथंच संपतील. तेव्हा मी कुठं असेन? कदाचित लग्न होऊन दुसऱ्या गावात. मी गेले की पाड्याचे डोळे गेले, असं होता कामा नये.

आमच्याकडे फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेत फिरणारा एक माणूस आहेच. आपण वाचायला शिकवलं नाही तर आपणही त्याच्यासारखेच, फक्त पैसे न घेणारे. लोक त्याच्यापुढं हात जोडतात, उद्या माझ्यापुढं जोडतील. मला ते नको.

म्हणून शिकलेल्या पोरापोरींना सांगणं आहे. वर्ग घ्यायच्या आधी स्वतःच्या घरातली पिशवी उघडा. मग ज्या पाड्यावर जायचं तिथली निदान पाच घरं फिरा. प्रत्येक पाड्यात एक बाई आणि एक गडी असे दोघे तरी कागद वाचणारे तयार झाल्याशिवाय वर्ग संपला म्हणू नका. आणि अवघड शब्द आला तर आपल्या बोलीत सांगा. अधिभोग म्हणजे आपल्या ताब्यात आहे, आपण कसतो, ती जमीन. एवढंच आहे ते.

मला अजून भीती वाटतेय. कोणी असं काही विचारेल की मला येणार नाही. तेव्हा "मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणायचं, एवढं ठरवलंय. आश्रमशाळेत हे वाक्य मी कुठल्याच मास्तरांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आजी येणार आहे वर्गाला. पावती तिच्याच हातात असेल. पहिल्यांदा तीच बोलणार, मग मी.

जिंदाबाद!

— संघटनेची एक कार्यकर्ती