धबधब्याचा खरा फोटो कोणता?

दोन वर्षांपूर्वी एका छायाचित्र-प्रदर्शनात मी परीक्षक होतो. दोन मुलांनी दरेकसाजवळच्या हाजरा धबधब्याचे फोटो मांडले होते. (हा धबधबा पूर्वी आपल्या भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तो तिकडे गेला.) एका फोटोत थेंब न् थेंब सुटा दिसत होता; दुसऱ्यात पाणी कोशाच्या पातळासारखे सलग, मऊ. "पाणी कधी असे दिसते का?" असे म्हणून मी दुसऱ्याचे गुण कापले. ती माझी चूक होती.

थोडा हिशेब करू. गावतलावाच्या सांडव्यावरून पाणी सव्वा मीटर खाली पडते असे धरा. हवेचा विरोध सोडला, तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होतो. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडले, तर तेवढ्यात थेंब फक्त ५ मिलिमीटर सरकतो व जवळजवळ स्थिर दिसतो. १/५० सेकंदात त्याची १० सेंटिमीटरची रेघ उमटते. शटर पूर्ण १ सेकंद उघडे राहिले तर? सबंध उडीला अर्धाच सेकंद लागतो. त्यामुळे असंख्य थेंबांच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि पाणी सलग दिसते. कॅमेरा तिकाटण्यावर असेल, तर न हलणारा खडक मात्र रेखीवच राहतो.

मग खरा फोटो कोणता? माझ्या मते दोन्ही. पहिला सांगतो, पाणी त्या क्षणी कुठे होते. दुसरा सांगतो, ते कोणत्या वाटेने गेले. अमेरिकेतील प्रा. हॅरॉल्ड एजर्टन यांनी क्षणभर चमकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट टिपला. नुसत्या डोळ्यांना तो तसा दिसत नाही. म्हणून काय तो खोटा?

मात्र माझा एक आग्रह आहे. प्रत्येक फोटोखाली शटरचा वेळ लिहा. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या तपशिलातही तो बहुधा सापडतो. एकक न लिहिलेल्या उत्तराला आम्ही गुण देत नाही. फोटोला वेगळा न्याय कशाला? वेळ कळला आणि चित्रात पाण्याच्या धारेशेजारी मोजपट्टी असली, की रेघेच्या लांबीला वेळेने भागून पाण्याचा वेग काढता येतो. शोभेचे चित्र मग मोजमाप बनते. त्यासाठी शेवाळलेल्या खडकावर चढू नका. धानाच्या एका बांधीतून दुसरीत पडणारी धारही पुरते.

त्या मुलाला मी एवढेच विचारायला हवे होते, "शटर किती वेळ उघडे होते?" गुण त्यानंतर द्यायचे होते.