कपाळाला बाम, दुखणे मानेत

डोकेदुखीसाठी कपाळ चोळण्याचा उद्योग मुंबईने फार लवकर उभा केला. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली अमृतांजन काढले ते याच शहरात. मद्रासला ते नंतर गेले. १९१० मध्ये झंडू कंपनी सुरू झाली आणि तिचा कारखाना दादरला उभा राहिला. लालबागचा साचेवाला असो की गिरगावातला कारकून, डोके ठणकले की बाम आणि वर घट्ट फडके. मानेला हात लावायचे कुणाच्या मनात येत नसे.

डॉक्टरही फार पुढे नव्हते. परळला केईएम रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी, १९२६ मध्ये, फ्रान्समधल्या बारे यांनी मान आणि डोकेदुखी यांची सांगड घातली. त्यांची कारणमीमांसा मात्र पुढे टिकली नाही. 'सर्व्हायकोजेनिक', म्हणजे मानेतून उद्भवणारी डोकेदुखी, हे नाव नॉर्वेचे ओत्तार स्योस्ताद यांनी दिले, १९८३ साली. गिरणगाव तेव्हा गिरणी संपाचे दुसरे वर्ष काढत होते. मानेकडे बघायला सवड कुणाला होती?

मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि कपाळ-चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकत्र येतात. त्यामुळे बिघाड मानेच्या सांध्यात असतो आणि ठणका डोळ्यामागे लागतो. दुखणे बहुधा एकाच बाजूचे, मानेतून वर चढणारे, मान वळवली की वाढणारे. रुग्णाला उताणे झोपवून, हनुवटी छातीकडे नेऊन डोके वळवून पाहावे: निरोगी मान दोन्हीकडे साधारण ४४ अंश वळते, दुखरी बाजू त्याआधीच अडते. खात्रीच हवी तर सांध्याची नस बधिर करून दुखणे थांबते का, हे पाहता येते. एक्स-रेवर मात्र भिस्त नको. चाळिशीनंतर मणक्यांची झीज कुणाच्या फिल्मवर दिसत नाही? शिवाय अर्धशिशीतही मान दुखतेच.

या दुखण्यावर उपाय फिजिओथेरपीचा, आणि ती मुंबईला नवी नाही. पोलिओच्या साथींमुळे तिची गरज भासली आणि १९५३ च्या सुमारास देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा परळला केईएममध्येच निघाली. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन्डोलिन जुल यांनी मानेतून डोकेदुखी होणाऱ्या २०० रुग्णांवर प्रयोग केला. सहा आठवडे मानेच्या आतल्या स्नायूंचे हलके व्यायाम किंवा सांध्यांवर हाताने उपचार; दोन्हींनी दुखणे उतरले आणि वर्षभरानंतरही गुण टिकला. आपल्याकडे मात्र पट्टा, गोळी, नाहीतर सलूनमध्ये मान मोडून घेणे! त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे न्हाव्यालाही कुणी सांगितलेले नसते.

अचानक उसळलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत ताठरलेली मान, हातापायांतली शक्ती जाणे, यांना थेट इस्पितळच हवे. उरलेल्यांसाठी पालिकेच्या ओपीडीत डोकेदुखीच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा: मान तपासली का? आणि उत्तर होय असेल, तर पुढची चिठ्ठी औषधाच्या खिडकीआधी फिजिओथेरपी विभागाकडे जावी.