चाचणी रिकाम्या ट्रकची, घाट भरलेल्या ट्रकचा! फिटनेसच्या नियमात वजन कुठे हरवते?

ट्रककडे फिटनेस सर्टिफिकेट आहे म्हणजे त्याचे ब्रेक भरवशाचे, असे आपण धरून चालतो. पण चाचणीला ट्रक बहुतेक वेळा रिकामाच नेला जातो. घाट मात्र तो माल भरून उतरतो. खरी गडबड इथेच आहे.

वजनाची मर्यादा किती?
गाडी आणि माल यांचे मिळून जे वजन होते, ते जीव्हीडब्ल्यू. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकसाठी ती १६.२ वरून १८.५ टन झाली, तीन अ‍ॅक्सलसाठी २५ वरून २८.५ टन. मर्यादा ओलांडली तर २० हजार रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला २ हजार. म्हणजे ३ टन ओव्हरलोड २६ हजारांना पडतो.

फिटनेस कधी तपासतात?
गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

मग अडचण काय?
ब्रेकची ताकद रोलरवर मोजली जाते. ट्रक रिकामा असेल तर टायरची रोलरवरची पकड कमी असते. ब्रेकचा पूर्ण जोर लागण्याआधीच चाक जाम होते आणि मोजणी तिथेच संपते. भरलेल्या गाडीला थांबवण्याइतका जोर ब्रेकमध्ये उरला आहे का, हे कळतच नाही. ते कळते बोरघाटात किंवा नवले पुलाच्या उतारावर. तेव्हा पुढे कोणाची तरी कार किंवा दुचाकी असते.

उपाय काय?
ब्रिटनमध्ये काही अपवाद सोडले, तर अवजड ट्रक वार्षिक चाचणीला भार घालूनच आणावा लागतो. आपल्याकडेही हे करता येईल. चाचणी केंद्रात ठरावीक वजनाचे काँक्रीटचे ठोकळे ठेवता येतील किंवा अ‍ॅक्सल यंत्राने खाली ओढून भार देता येईल. वेळ आणि खर्च वाढेल, ही वाहतूकदारांची तक्रार रास्त आहे. म्हणूनच सुरुवात ८ वर्षांवरील अवजड ट्रकपासून करावी.

सरकारने ट्रकला जास्त माल वाहायची मुभा दिली. तेवढा माल घेऊन तो थांबतो का, हे तपासण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे. नाहीतर फिटनेस सर्टिफिकेट चालकाच्या खिशातला कागदच राहील.