कबुली आणि हिशेब

एखाद्या कीर्तिमान माणसाचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून दोन तऱ्हेचे उद्गार हटकून ऐकूं येतात. पहिला असा कीं, गवयानें गावें. लोककारण ज्यांचें त्यांच्यावर सोपवावें. दुसरा याहून सोपा : ‘सगळें ढोंग आहे!’ पहिल्या उद्गारानें आपली रसिकता सिद्ध होते, दुसऱ्यानें आपला चाणाक्षपणा. आणि दोहोंपैकीं कोणत्याहि उद्गाराला पुस्तक वाचण्याचे श्रम पडत नाहींत. आयर्लंडमधील ‘यू-टू’ या रॉक वाद्यवृंदाचा गायक बोनो याचें ‘सरेंडर’ हें आत्मकथन २०२२ सालीं बाहेर पडलें, तेव्हांपासून हे दोन्ही उद्गार आम्हीं पुष्कळदां ऐकले. दोन्ही चुकीचे आहेत. पण वाईट याचें वाटतें कीं, या दोन सोप्या आक्षेपांच्या गर्दींत तिसरा, खरा आक्षेप चेंगरून गेला. तो मोकळा करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम पुस्तकाला त्याचें श्रेय देऊं. पॉल डेव्हिड ह्यूसन हें या गायकाचें मूळ नांव. जन्म १० मे १९६०, डब्लिन शहरीं. बाप कॅथॉलिक, आई प्रॉटेस्टंट. ज्या बेटावर या दोन शब्दांपायीं माणसें मारलीं जात, तेथें हा मुलगा दोन पंथांच्या मधल्या उंबरठ्यावर वाढला. तो चौदा वर्षांचा असतांना, १९७४ सालीं, आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळींच त्याची आई कोसळली आणि थोड्याच दिवसांत वारली. मागें राहिलेल्या बाप-लेकांनीं त्या घरांत तिचें नांवहि फारसें काढलें नाहीं. बापाला ऑपेराचें वेड. पण मुलाच्या गाण्याचें कौतुक त्याच्या तोंडून सहसा निघत नसे. हजारों लोकांची टाळी मागणारा माणूस वस्तुतः एकाच माणसाची टाळी मागत होता, हें बोनो आडपडदा न ठेवतां सांगतो. आपला अहंकार, आपली वाचाळता, जगाचा उद्धार करावयास निघालेल्या माणसाचा आपला आविर्भाव, यांपैकीं कांहींहि तो झांकून ठेवीत नाहीं. ज्यांचीं आत्मचरित्रें म्हणजे स्वतःच्या हस्ते स्वतःचा सत्कार असतो, अशा लेखकांच्या पंक्तींत त्याला बसवितां येणार नाहीं.

श्रद्धेविषयींहि तो असाच मोकळा आहे. १९७६ सालीं शाळेंत जमलेल्या या चौघांपैकीं तिघे पुढें ‘शालोम’ नांवाच्या एका ख्रिस्ती मंडळींत रमले. आणि देवाचें काम व रॉक संगीत हीं एकत्र नांदूं शकत नाहींत, असें वाटून त्यांनीं वाद्यवृंद मोडण्याचा विचार केला. त्यांच्या व्यवस्थापकानें एवढेंच विचारलें कीं, दौऱ्याचे करार झाले आहेत. ते मोडा असें तुमचा देव सांगेल काय? मुलें निरुत्तर झालीं, आणि वाद्यवृंद टिकला. हा प्रसंग वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां पहिला आक्षेप. गवयानें गावेंच, पण कशाविषयीं गाऊं नये, हें त्याला कोणीं सांगावें? ८ नोव्हेंबर १९८७ रोजीं उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलेन गांवीं, युद्धांत पडलेल्यांचें स्मरण करण्यास जमलेल्या लोकांत बाँब फुटला व ११ माणसें ठार झालीं. त्याच रात्रीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें बोनोनें रंगमंचावरून त्या कृत्याचा, आणि दूर देशीं बसून अशा ‘क्रांती’चे गोडवे गाणाऱ्या आपल्याच देशबांधवांचा, कडक धिक्कार केला. १९९८ च्या मे महिन्यांत शांतता-करारावरील जनमतापूर्वीं बेलफास्टच्या व्यासपीठावर त्यानें जॉन ह्यूम व डेव्हिड ट्रिंबल या दोन विरोधी पुढाऱ्यांचे हात धरून उंचावले. ज्या महाराष्ट्रानें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत अमर शेखांचा डफ ऐकला, त्या महाराष्ट्रांतील रसिकानें ‘गवयानें गावें’ हें वाक्य जरा विचार करूनच उच्चारावें.

दुसरा आक्षेप ढोंगाचा. १९८५ सालीं ‘लाइव्ह एड’चा प्रचंड जलसा झाला, त्यानंतर बोनो व त्याची पत्नी दुष्काळग्रस्त इथिओपियांत जाऊन कांहीं आठवडे एका छावणींत राबलीं. तेथें एका बापानें, निदान जगेल तरी, म्हणून आपलें मूल त्याच्यापुढें धरलें व तें घेऊन जा अशी विनवणी केली. तें मूल त्याला नेतां आलें नाहीं. पण तो प्रसंग त्याच्या मनांतून कधींच गेला नाहीं. दानानें जमलेला पैसा सावकारी देशांच्या कर्जफेडींत बघतां बघतां परत जातो, हेंहि त्याला पुढें उमगलें. आणि दर पन्नासाव्या वर्षीं ऋणको मुक्त करावे, या बायबलांतील आज्ञेवरून नांव घेतलेल्या ‘ज्युबिली २०००’ या चळवळींत तो शिरला. जेसी हेल्म्ससारख्या कट्टर सनातनी सेनेटरापुढें त्यानें बायबलाचाच आधार ठेवला. पुढें ३७ देशांना कर्जमाफी मिळाली. त्यांतील ३१ आफ्रिकेंतले. २८ जानेवारी २००३ रोजीं राष्ट्राध्यक्ष बुश यांनीं एड्सच्या निवारणासाठीं पांच वर्षांत १५ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. तीमागें अनेकांचे श्रम होते, व त्यांत बोनोचेहि होते. अमेरिकन सरकारच्या अंदाजाप्रमाणें त्या योजनेनें सुमारें अडीच कोटि प्राण वांचले. असें ढोंग आणखी दहा जणांनीं केलें तरी आमची हरकत नाहीं!

मग तक्रार कोणती? तक्रार अशी कीं, या पुस्तकांत कबुली आहे, हिशेब नाहीं. आणि कबुली व हिशेब या दोन निराळ्या वस्तु आहेत.

प्रसिद्धि हें एक चलन आहे, तें सत्कार्यीं खर्चावें, असें बोनोनें वारंवार म्हटलें आहे. उपमा चांगली आहे. पण चलन म्हटलें कीं तें कोणाचें, हा प्रश्न येतोच. गायकाची प्रसिद्धि ही त्याच्या वडिलांची ठेव नव्हे; असंख्य श्रोत्यांनीं थोडी थोडी करून ती त्याच्यापाशीं जमा केलेली असते. तिचा तो धनी नव्हे, विश्वस्त आहे. आणि विश्वस्तानें आपले दोष किती प्रांजळपणें सांगितले, हें कोणी विचारीत नाहीं. वही दाखवा, एवढेंच विचारतात.

वहींतील एक पान असें आहे. आयर्लंडांत कलावंतांचें उत्पन्न पूर्वीं करमुक्त असे. ही सवलत वर्षाला अडीच लक्ष युरोंपुरती मर्यादित करण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हां २००६ सालीं ‘यू-टू’नें गीतांच्या हक्कांचा आपला व्यवसाय नेदरलंड्सला हलविला. २०११ सालीं ग्लॅस्टनबरीच्या संगीत-महोत्सवांत निदर्शकांनीं याविषयीं जाब विचारणारा मोठा फुगा उभारला. मुलाखतींतून बोनोनें दिलेलीं उत्तरें अशीं : आम्ही कायदा मोडलेला नाहीं, कमी करांचें आमिष दाखवूनच आयर्लंड देश वर आला, आणि माणूस ध्येयवादी आहे म्हणून त्यानें व्यवहारांत मूर्ख असावें असें नाहीं.

कायदा मोडला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण हें उत्तर देण्याचा अधिकार ज्याला सर्वांत कमी, असा माणूस बोनोच होय. गरीब देशांच्या डोक्यावरचीं कर्जें तरी बेकायदेशीर कोठें होतीं? त्यांचे दस्तऐवज रीतसर होते, सह्या खऱ्या होत्या, व्याजाचा दर ठरलेला होता. ‘कायद्यानें बरोबर असलेला कागद न्यायानें बरोबर असतोच असें नाहीं’, हाच तर बोनोच्या चळवळीचा एकमेव युक्तिवाद! जो युक्तिवाद त्यानें राष्ट्राध्यक्षांच्या दारीं जाऊन सांगितला, तो स्वतःच्या दाराशीं आला तेव्हां त्यानें वकिलाला पुढें केलें. तरुणपणीं ज्याच्या देवाला करार मोडवला नाहीं, त्याच्या देवाला करांतून वाट काढणें मात्र मानवलें! आणि बुश यांनीं जाहीर केलेले १५ अब्ज डॉलर आकाशांतून पडले नव्हते. शाळामास्तर, परिचारिका, मोटारहांके यांनीं भरलेल्या करांतूनच ते आले. ज्यांना आपलें उत्पन्न दुसऱ्या देशांत हलवितां येत नाहीं, त्यांच्या खिशांतून दान मागणाऱ्यानें स्वतःचा खिसा सीमेपार शिवून घेऊं नये.

येथें कबुलीचा दुसरा दोष दिसतो. २०१४ सालीं या वाद्यवृंदाचा संगीतसंग्रह सुमारें पन्नास कोटि लोकांच्या यंत्रांत न विचारतां घातला गेला. त्याची जबाबदारी बोनोनें पुस्तकांत स्वतःकडे घेतली आहे, आणि वाचक त्याला तात्काळ क्षमा करतो. कां न करावी? या कबुलीला कांहींच पडलें नाहीं. उलट प्रसिद्ध माणसाचा पश्चात्ताप ही त्याच्या प्रसिद्धींत आणखी एक भर असते. पण जेथें कबुलीपाठोपाठ खिशांत हात घालावा लागला असता, त्या प्रश्नाला मिळालें तें समर्थन.

पुस्तकाचें नांवच ‘शरणागति’ आहे, आणि या शब्दाचें माप आपल्याकडे फार जुनें आहे. तुकोबांच्या घरीं सावकारी होती. दुष्काळांत सर्वस्व गेल्यावर, चरित्रकार सांगतात, त्यांनीं ऋणकोंच्या खतांतील निम्मीं धाकट्या भावाला दिलीं आणि आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं. या गोष्टींतलें मर्म केवळ कर्जमाफीचें नाहीं. खतें कोणाचीं बुडविलीं, यांत तें आहे. भावाचीं नव्हेत, गांवच्या दुसऱ्या सावकाराचीं नव्हेत, स्वतःचीं. बोनोनें जगांतील सावकारांना नदीकांठीं नेलें, ही त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण तो स्वतः कांठावरच राहिला.

यावर कोणी म्हणेल कीं, अडीच कोटि प्राणांपुढें एका कंपनीच्या कराची काय मातबरी? हा प्रश्न वजनदार आहे. आमचें उत्तर २०२५ सालानें दिलें आहे. त्या वर्षीं अमेरिकेच्या नव्या सरकारनें परदेशी मदतीवर कुऱ्हाड घातली, आणि १ जुलै रोजीं मदत वांटणारें तिचें प्रचंड खातेंच बंद झालें. एका राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीनें आलेलें दुसऱ्याच्या मर्जीनें गेलें. मदत ही कृपा राहिली कीं असेंच व्हावयाचें. ती कर्तव्य व्हावी, यासाठीं सामान्य करदात्याला ती आपली वाटली पाहिजे. आणि ‘मोठ्यांना पळवाट, आम्हांला पावती’ असें ज्याला दिसतें, त्याला ती आपली कशी वाटावी? म्हणून कराचें तें पान किरकोळ नाहीं.

शेवटीं एक शब्द आपल्याविषयीं. १५ डिसेंबर २०१९ रोजीं हा वाद्यवृंद नव्या मुंबईंत गाऊन गेला. हजारों सुशिक्षित लोक तेथें गेले, हेलावले, आणि घरीं परतले. परतल्यावर त्यांतील कित्येकांनीं, ‘पावती नको, कांहीं कमी करा’, असें दुकानदाराला सांगितलें असेल, आणि त्याच आठवड्यांत देवळाच्या पेटींत मोठी नोटहि टाकली असेल. बोनोला ढोंगी म्हणण्याची आपल्याला एवढी घाई कां, हें यावरून थोडें उलगडतें. आपला हिशेब त्याच्याहून लहान आहे. तऱ्हा तीच आहे.

त्याचें हृदय २०१६ सालीं दगा देणार होतें; शस्त्रक्रियेनें तो वांचला, आणि पुस्तकाचा आरंभच त्यानें तेथून केला आहे. असें दुसरें आयुष्य मिळालेल्या माणसानें आणखी एक पुस्तक लिहावें, असें आम्हांस वाटतें. तें अगदीं लहान असावें. चाळीस गाण्यांचीं चाळीस प्रकरणें नकोत. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च, आणि खालीं सही. तेवढें पुरे.