हळदीची गोळी जनुके 'बंद' करते का?

हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिरातीत हल्ली दोन दावे शेजारी शेजारी असतात. 'सूज आणि कॅन्सर वाढवणारी जनुके बंद करते' हा एक, आणि 'साइड इफेक्ट शून्य' हा दुसरा. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

आपल्या पेशींत एनएफ-कॅप्पा-बी नावाचे प्रथिन असते. जंतुसंसर्ग झाला की ते पेशीच्या केंद्रकात शिरते, डीएनएला चिकटते आणि दाह निर्माण करणारी जनुके चालू करते. सूज त्यातूनच येते, पण जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्तीही त्यातूनच जागी होते. हळदीतले कर्क्युमिन हे प्रथिन रोखते, हे १९९५ पासून दाखवले गेले आहे. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये.

माणसाच्या शरीरात या प्रथिनाला खरोखर आवर घालणारे औषध म्हणजे डेक्सामेथासोन, आपले ओळखीचे स्टेरॉइड. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत त्याने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी केले. त्याची किंमतही महाराष्ट्राने पाहिली. २०२१ च्या काळ्या बुरशीमागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही मोठी कारणे होती. जे औषध जनुकांचे बटण दाबते, ते नको तिथेही दाबते.

मग कर्क्युमिनचा त्रास का होत नाही? कारण तोंडाने घेतलेले बहुतेक रक्तात पोहोचतच नाही. म्हणून कंपन्या त्यात मिरीतले पायपरिन घालतात. ते यकृताचे औषधे निकामी करण्याचे काम मंदावते, त्यामुळे तुमच्या इतर गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिका आणि इटलीत झाल्या आहेत.

'पण माशेलकरांनी हळदीची लढाई जिंकली ना?' जिंकली, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. १९९७ मध्ये सीएसआयआरने अमेरिकेतले पेटंट रद्द करवले. पण त्यातून सिद्ध झाले ते एवढेच, की जखमेवर हळद लावणे हे आपले जुने ज्ञान आहे. गोळीने कॅन्सर बरा होतो, हे तिथे कोणी सिद्ध केले नव्हते.

आमटीतली हळद खुशाल खा. गोळी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. केमोथेरपी चालू असताना ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी लगेच थांबवा, डॉक्टरांना भेटा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.